ग्रामनामांचे रोमन लेखन आणि संगणकातील भेदचिन्हे : शिरूर व दौंड तालुक्यांतील काही उदाहरणे

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील ग्रामनामांचा अभ्यास करू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांच्या व्युत्पत्तीची नव्हे, तर ती नावे रोमन लिपीत लिहावयाची कशी ह्याची. मराठी वाचकापुरता हा प्रश्न उद्भवत नाही. देवनागरी त्याच्या हाताशी असते. परंतु भूगोल, पुरातत्त्व आणि इतिहास ह्या शास्त्रांतील पुष्कळसे लेखन रोमन लिपीतून होते व त्यात आलेली गावे त्या रूपानेच दूरवर पोहोचतात. शिरूर तालुक्यातील इनामगाव ह्याचे उदाहरण घ्या. घोड नदीच्या काठच्या ह्या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले आणि धवलीकर, सांकळिया व अन्सारी ह्यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगाच्या परदेशस्थ अभ्यासकास हे गाव, ती नदी आणि भोवतालची खेडी माहीत असतात ती रोमन अक्षरांच्या द्वाराच. त्या अक्षरांवरून मूळ नाव जसेच्या तसे परत मिळते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर आज संगणकाच्या पोटातील काही आकड्यांवर अवलंबून आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. रोमन अक्षरांच्या आकृती येथे दिलेल्या नाहीत. त्यांची इंग्रजी नावे देवनागरीत लिहून त्यांवरील वा खालील चिन्हांचे वर्णन केले आहे.

दौंड तालुक्यातील पाटस हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. इंग्रजी पाटीवर ते पी-ए-टी-ए-एस् असे लिहिलेले असते. ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही, त्याने ह्या पाच अक्षरांवरून काय वाचावे? पहिला 'ए' ऱ्हस्व की दीर्घ, 'टी' हा त की ट, दुसरा 'ए' पुन्हा ऱ्हस्व की दीर्घ, असे तीन प्रश्न उभे राहतात व त्यांची आठ उत्तरे संभवतात : पतस, पतास, पातस, पातास, पटस, पटास, पाटस, पाटास. टाकळी ह्या नावात असे चार प्रश्न आहेत, म्हणजे सोळा वाचने. ज्याच्या कानावर नाव आहे त्याला ही गणना पोरकट वाटेल. पण संगणकाला कान नसतात, आणि शंभर वर्षांनंतरच्या वाचकालाही आपले कान लाभणार नाहीत. मळद हे दौंड तालुक्यातील गाव आणि मालाड हे मुंबईचे उपनगर ह्यांचे नेहमीचे रोमन लेखन अक्षरश: एकच होते. नावात दोन दीर्घ स्वर जास्त, ळच्या जागी ल, दच्या जागी ड, इतके अंतर असूनही पाटीवर त्याचा मागमूस राहत नाही.

जुन्या कागदपत्रांत तर ह्याहून अधिक घोटाळा आहे. १८१७ च्या डिसेंबरअखेरीस कॅप्टन स्टाँटन ह्याची तुकडी ज्या छावणीतून निघून दुसऱ्या दिवशी कोरेगावास पोहोचली, ती शिरूरची छावणी त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात एस्-ई-आर्-ओ-ओ-आर् अशी आढळते. पुढे ती एस्-आय्-आर्-यू-आर् झाली; अलीकडे 'एस्'च्या मागोमाग 'एच्' आला. दौंडचे नाव इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही काही काळ डी-एच्-ओ-एन्-डी असे लिहीत असत. हे रूप उलट देवनागरीत आणू गेल्यास 'ढोंड' किंवा 'धोंड' हाती लागते. 'दौंड' लागत नाही. महाप्राण कोठून आला आणि औकार कोठे गेला, हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

ह्यावर उपाय म्हणून अक्षराच्या वर किंवा खाली चिन्ह देण्याची कल्पना निघाली. तिला आपण भेदचिन्ह म्हणू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे) दीर्घ आ दाखविण्यासाठी 'ए'वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ देण्याची रीत होती. सातारा, नाशिक, ठाणे ही नावे त्या मालिकेत अशीच छापली आहेत. युरोपीय छापखान्यांत स्पॅनिश भाषेसाठी ही अक्षरे तयार असत, तेव्हा ह्या निवडीत मुद्रकाची सोय पाहिली गेली असावी असे मला वाटते. मात्र ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल ह्यांचा भेद त्या रीतीत बुडालेलाच राहिला. १८९४ साली जिनीव्हा येथे प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली व तिच्यात जी पद्धती पुरस्कारिली गेली, तिच्यातून संस्कृत ग्रंथांच्या रोमन लेखनाची आजची परिपाठी निघाली. तीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ, मूर्धन्य व्यंजनाखाली बिंदू आणि तालव्य शसाठी 'एस्'वर तिरकी रेघ योजिली आहे. म्हणजे गॅझेटियरमध्ये जी तिरकी रेघ दीर्घत्वाची खूण होती, तीच येथे तालव्यत्वाची झाली.

मराठीच्या दृष्टीने ह्या पद्धतीत एक वैगुण्य होते. संस्कृतातील ऌ ह्या दुर्मीळ स्वरासाठी तीत खाली बिंदू असलेला 'एल्' राखून ठेवला होता. परिणामी मराठीत पावलोपावली भेटणाऱ्या ळला जागा उरली नाही. पाबळ, टाकळी, मळद, देऊळगाव ही नावे लिहिताना कोणी बिंदू वापरी, कोणी अक्षराखाली आडवी रेघ देई. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १५९१९ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाने बिंदूचा 'एल्' ळला दिला आणि ऋ, ऌ ह्या स्वरांसाठी अक्षराखाली लहान वर्तुळ योजिले. अनुस्वाराची जुनी खूण म्हणजे 'एम्'खालचा बिंदू. ती ह्या मानकात 'एम्'च्या डोक्यावर गेली. दौंड हे नाव ह्याचा उत्तम मासला आहे. देवनागरीत आपण अनुस्वार लिहितो, उच्चार मात्र ण् असा करतो. तेव्हा बिंदूचा 'एन्' लिहावा, की बिंदूचा 'एम्', आणि 'एम्' लिहिल्यास बिंदू वर की खाली? तिन्ही लेखने सशास्त्र म्हणता येतात. म्हणूनच ग्रंथारंभी आपण कोणते स्वीकारले हे लेखकाने सांगितले पाहिजे. बहुधा तो सांगत नाही.

संगणकाकडे वळण्यापूर्वी छापखान्यात क्षणभर डोकावून येऊ. भेदचिन्हे टाळून काम भागविण्याची युक्ती जुनीच आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी अक्षर दोनदा लिहिण्याची रीत पाद्र्यांनी पत्करली होती. नवा खिळा ओतावा लागत नसे. उलट, चिन्हयुक्त अक्षर हवेच असेल तर ते दोन प्रकारे मिळे : एक तर चिन्हासह एकसंध ओतलेला खिळा, नाही तर अक्षर आणि चिन्ह निरनिराळे जुळवून. देवनागरीच्या हातजुळणीतही मात्रा अक्षराबरोबरच ओतावी की स्वतंत्र खिळ्याने लावावी, असे दोन मार्ग होते. दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ति मिशनचा छापखाना होता. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले जाऊन त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. अशा छापखान्यातील जुळाऱ्याने एकसंध खिळा वापरला काय किंवा दोन जोडले काय, कागदावर उमटणारा ठसा एकच आणि वाचकाचा संबंध केवळ त्या ठशाशी. संगणकात नेमके ह्याच ठिकाणी पाणी मुरते.

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही. तो आकडा साठवितो. कोणत्या आकड्यास कोणते अक्षर मानावयाचे ह्याच्या कोष्टकास संकेतावली म्हणतात. १९६३ साली अमेरिकेत निघालेल्या 'ॲस्की' ह्या संकेतावलीत शून्यापासून १२७ पर्यंत एकंदर १२८ संकेतांक होते. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्रास द्यावयाच्या आज्ञा एवढ्यांत त्या संपल्या. भेदचिन्हांची सोय अगदीच नव्हती असे नाही. टंकलेखन यंत्रावर अक्षर उमटवून, एक पाऊल मागे येऊन, त्याच जागी दुसरी खूण ठोकण्याची चाल सर्वांच्या माहितीची होती. ॲस्कीत नागमोडी रेघ व टोपी ही चिन्हे आली त्यामागे हाच विचार होता. परंतु कागदावर दोन ठसे एकमेकांवर बसतात, तसे पडद्यावर बसेनात. तेथे दुसरे अक्षर पहिल्यास पुसून टाकी. असो.

पुढे संकेतांकांची संख्या दुप्पट, म्हणजे २५६ झाली आणि वरच्या अर्ध्या भागात कोणती अक्षरे भरावयाची ह्याविषयी आयएसओ ८८५९ ह्या मानकाचे निरनिराळे भाग निघू लागले. १९८७ सालच्या पहिल्या भागात पश्चिम युरोपातील भाषांची सोय झाली. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज अक्षरे त्यात आली; गॅझेटियरमधील तिरक्या रेघेचा 'ए'सुद्धा २२५ ह्या संकेतांकावर आला. आडव्या रेघेचे दीर्घ स्वर मात्र त्यात नव्हते, आणि खालच्या बिंदूचे एकही व्यंजन नव्हते. आता आपल्या दोन तालुक्यांची नावे ह्या मानकाच्या भागांत शोधून पाहावीत. शिरूरसाठी दोन खास अक्षरे लागतात. तिरक्या रेघेचा 'एस्' पोलिश भाषेत असल्यामुळे तो पूर्व युरोपच्या भागात सापडतो. आडव्या रेघेचा 'यू' लाटव्हियन व लिथुआनियन भाषांत असल्यामुळे तो उत्तरेकडील भागात. दोन्ही एकत्र आली ती १९९८ सालच्या तेराव्या, बाल्टिक समुद्राभोवतालच्या भाषांसाठी केलेल्या भागात. म्हणजे शिरूरचे नाव शुद्ध लिहावयाचे तर संगणकास आपण बाल्टिक किनाऱ्यावर आहोत असे सांगणे प्राप्त होते! दौंडच्या नशिबी तेवढेही नव्हते. बिंदूचा 'एन्' आणि बिंदूचा 'डी' ही अक्षरे ह्या मानकाच्या कोणत्याच भागात नाहीत, कारण युरोपातील कोणत्याही मोठ्या भाषेस त्यांची गरज पडली नाही. भारतीय नावांकरिता ही अक्षरे हवीत असे म्हणणारे अभ्यासक होते. परंतु संकेतावल्या ठरविल्या जात होत्या त्या यंत्रे विकत घेणाऱ्या देशांच्या भाषांसाठी.

मध्यंतरीच्या काळात अभ्यासकांनी आपापल्या सोयी केल्या. १९९० साली व्हिएन्ना येथील जागतिक संस्कृत परिषदेच्या निमित्ताने संस्कृतासाठी एक आठ-बिटी संकेतावली ठरली. ती व तिची वाढविलेली आवृत्ती काही वर्षे वापरात होती. दुसरा मार्ग हार्वर्ड-क्योटो ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनाचा. त्यात भेदचिन्ह मुळीच नाही. मूर्धन्य वर्ण व दीर्घ स्वर कॅपिटल अक्षरांनी दाखवितात आणि तालव्य शसाठी 'झेड' लिहितात. यंत्राच्या दृष्टीने हे लेखन निर्दोष आहे, पण त्याप्रमाणे शिरूर हे नाव 'झेड'ने सुरू होते आणि विशेषनामाचे पहिले अक्षर कॅपिटल लिहिण्याची मुभा उरत नाही. तिसरा मार्ग सर्वांत घातक ठरला. त्यात संकेतांक फ्रेंच वा जर्मन अक्षराचाच ठेवून, फाँटमध्ये त्या जागी बिंदूच्या 'एन्'ची आकृती बसवीत. तो फाँट असेतोवर सारे ठीक दिसे. फाँट हरवला की नावांतून परकी अक्षरे डोके वर काढीत, आणि कोणत्या फाँटमध्ये कोणती आकृती कोठे बसविली होती हे सांगणारा टिपणीचा कागद बहुधा फाँटच्या आधीच हरवलेला असे. असे मजकूर अनेक संस्थांच्या कपाटांत आजही पडून आहेत.

युनिकोड ह्या सार्वत्रिक संकेतावलीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि १९९३ सालच्या आवृत्तीत बिंदुयुक्त व्यंजनांस स्वतंत्र जागा मिळाल्या. दशमान पद्धतीने सांगावयाचे तर तिरक्या रेघेचा लहान 'एस्' ३४७, आडव्या रेघेचा 'यू' ३६३, बिंदूचा 'डी' ७६९३, बिंदूचा 'एल्' ७७३५, बिंदूचा 'एन्' ७७५१ आणि बिंदूचा 'टी' ७७८९. हे एकसंध खिळे झाले. पण ह्याच संकेतावलीत सुटी चिन्हेही आहेत : तिरकी रेघ ७६९, आडवी रेघ ७७२, खालचा बिंदू ८०३, खालचे वर्तुळ ८०५. अगोदर साधे अक्षर लिहून त्यापुढे सुटे चिन्ह ठेवले, की पडद्यावर ते त्या अक्षरास जाऊन चिकटते. ऋसाठी लागणाऱ्या वर्तुळाच्या 'आर्'ला एकसंध संकेतांक नाही, व जे सुट्या भागांतून जुळविता येते त्यास नवा एकसंध संकेतांक द्यावयाचा नाही असे धोरण असल्यामुळे तो पुढेही मिळावयाचा नाही. म्हणजे छापखान्यातले दोन्ही मार्ग येथे एकत्र नांदतात. फरक एवढाच की कागदावर जे एकरूप होत असे, ते येथे आकृतीपुरतेच एकरूप होते, आकड्यांत भिन्न राहते.

दौंडचे उदाहरण पुढे चालवू. बिंदूचा 'एन्' एकसंध किंवा जोड, बिंदूचा 'डी' एकसंध किंवा जोड. म्हणून हे एकच लेखन चार प्रकारे साठविता येते. अनुस्वारासाठी 'एम्' वापरणाऱ्या दोन लेखनांचे आणखी चार-चार प्रकार धरल्यास एका गावाच्या नावाचे बारा अवतार होतात. त्यांपैकी डोळ्यास वेगळे दिसतात ते तीनच. गंमत अशी की पूर्णपणे एकसंध आणि पूर्णपणे जोड ह्या दोन रूपांची यंत्रातील लांबीही सारखीच, नऊ बाइट, भरते. केवळ लांबी मोजून फरक ओळखू म्हणणाऱ्याचाही पाडाव होतो.

ह्याचा प्रत्यय मला स्वत:ला आला आहे. दोन्ही तालुक्यांतील गावांची एक यादी मी निरनिराळ्या वेळी दोन यंत्रांवर टंकित केली व पुढे दोन्ही भाग एकत्र जोडले. त्यानंतर 'दौंड' असा शोध घेतला, तेव्हा तालुक्यातील सुमारे निम्म्याच गावांच्या नोंदी पुढे आल्या. राहू, यवत, वरवंड होती. पाटस आणि कुरकुंभ नव्हती. छापून काढलेल्या पानावर ती स्पष्ट दिसत होती. एका विद्यार्थ्याने तर राहिलेली गावे हातवहीतून उतरून पुन्हा भरावयास घेतली, आणि यादीत तीच गावे दोनदा आली. दोष ना यंत्राचा ना विद्यार्थ्याचा. एका यंत्रावरील टंकनव्यवस्था एकसंध अक्षरे उमटवीत होती, दुसरीवरील साध्या अक्षरापुढे सुटा बिंदू ठेवीत होती, आणि शोध घेणारी आज्ञावली आकड्याशी आकडा ताडून पाहत होती. हे कळावयास मला चार दिवस लागले, म्हणून येथे विस्ताराने लिहिले.

ह्यावरील उपाय युनिकोडच्या कर्त्यांनीच सांगून ठेवला आहे; त्यास प्रमाणीकरण म्हणता येईल. एका रीतीत शक्य तेथे जोड अक्षरांचे एकसंध अक्षर करावयाचे, दुसरीत एकसंध अक्षरे फोडून सुटी करावयाची व सुटी चिन्हे ठरलेल्या क्रमाने लावावयाची. कोणतीही एक रीत साऱ्या मजकुरास लावली की तुलना बिनचूक होते. ॲपल कंपनीच्या यंत्रांवरील एचएफएस प्लस ही जुनी व्यवस्था फाइलींची नावे फोडलेल्या रूपात ठेवीत असे, इतर यंत्रांवर ती बहुधा एकसंध असत. त्यामुळे शिरूर नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी पाहण्याचा योग अनेकांस आला असेल. प्रमाणीकरणाने हा प्रश्न सुटतो. परंतु 'एन्' लिहिला की 'एम्' लिहिला, हा भेद त्याने मिटत नाही. तो लेखनाच्या संकेताचा आहे आणि यंत्राने त्यात हात घालणे योग्यही नव्हे.

संकेतांक ठरला तरी तो बाइटांत कसा मांडावयाचा हे उरतेच. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या मांडणीत १२७ पर्यंतच्या संकेतांकास एक बाइट लागतो, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे ६५५३५ पर्यंत तीन. शिरूरच्या 'एस्' व 'यू' ह्यांना दोन-दोन, दौंडच्या 'एन्' व 'डी' ह्यांना तीन-तीन. अशी फाइल एखाद्या जुन्या आज्ञावलीने पश्चिम युरोपीय समजून उघडली, तर प्रत्येक बाइटचे एकेक अक्षर होते. कॅपिटल 'एस्'ने सुरू होणारे शिरूर मग असे दिसते : डोक्यावर वर्तुळ असलेला कॅपिटल 'ए', उलटी टोपी घातलेला 'एस्', मग 'आय्' आणि 'आर्', पुन्हा तोच वर्तुळधारी 'ए', एक फ्रेंच अवतरणचिन्ह व शेवटी 'आर्'. हा अवतार हास्यास्पद असला तरी उलट दिशेने दुरुस्त करता येतो. दौंडची गोष्ट निराळी. त्यातील बिंदूच्या 'डी'चे तीन बाइट म्हणजे २२५, १८४ व १४१. आणि विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोष्टकात १४१ ह्या जागी कोणतेच अक्षर नाही. काही आज्ञावल्या तो बाइट गाळतात, काही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. अशी फाइल पुन्हा जतन केली की मूळ अक्षर कायमचे गेले. शिवाय २२५ म्हणजे तोच गॅझेटियरचा तिरक्या रेघेचा 'ए'. जुन्या ग्रंथातून उतरलेल्या यादीत तो खरोखरच दीर्घ आ आहे की कोण्या मोडक्या बिंदूचा अवशेष, हे मूळ पान समोर ठेवल्याविना सांगता येणार नाही.

टंकनाविषयी थोडक्यात सांगतो. परदेशी टंकलेखन यंत्रांवर चिन्हाची कळ अशी असे की ती दाबली असता खूण उमटे पण गाडी पुढे सरकत नसे. मग अक्षर दाबले की ते खुणेखाली बसे. संगणकाने ही चाल उचलली. विंडोजवरील अमेरिकन-आंतरराष्ट्रीय कळफलकात ती आहे. पण रांजणगाव ह्या नावातील ञ् साठी लागणारा नागमोडी रेघेचा 'एन्' तेवढा तीवर मिळतो, दीर्घ आ आणि ण मिळत नाहीत. ॲपलच्या यंत्रावर 'एबीसी एक्सटेंडेड' हा कळफलक निवडल्यास 'ऑप्शन' ही कळ धरून 'ए' दाबली असता आडवी रेघ, 'एक्स' दाबली असता खालचा बिंदू, 'ई' दाबली असता तिरकी रेघ तयार होते व पुढच्या अक्षरास लागते. लिनक्सवर 'कंपोज' कळ नेमून घेतली तर तीनंतर उद्गारचिन्ह व 'एन्' दाबल्याने बिंदूचा 'एन्' मिळतो. बिंदूसाठी उद्गारचिन्ह कोणी व का निवडले असेल ते असो, लक्षात मात्र राहते. वर्ड ह्या आज्ञावलीत एक-ई-चार-सात असा षोडशमान संकेतांक टंकित करून 'आल्ट' व 'एक्स' एकदम दाबले तरी तेच अक्षर उमटते. ध्यानात ठेवावयाचे ते हे की कळफलकावर चिन्ह अगोदर व अक्षर नंतर येते; सुट्या चिन्हांच्या साठवणीत अक्षर अगोदर व चिन्ह नंतर. हाताने अनुक्रम नीट न समजता सुटी चिन्हे घालू जाणारा टंकलेखक 'एन्'चा बिंदू 'यू'खाली ठेवतो, आणि लहान अक्षरांच्या पडद्यावर ती चूक दिसतही नाही.

अकारविल्हे लावण्यातही हीच सावधगिरी हवी. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावल्यास शिरूर यवतच्या खाली, सर्व साध्या अक्षरांच्या पलीकडे जाऊन बसते. भेदचिन्हांस दुय्यम मानून लावणारी रीत युनिकोडने दिली आहे. ती लागू आहे की नाही हे सूचीकर्त्याने एकदा पाहून घ्यावे.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की मूळ नाव देवनागरीत ठेवावे आणि रोमन रूप यंत्राकडून काढून घ्यावे. माझेही मत तेच आहे. परंतु तो मार्ग वाटतो तितका निष्कंटक नाही. यंत्र रांजणगावमधील प्रत्येक व्यंजनात अ घालील, आणि आपण न उच्चारलेले दोन अकार, एक णच्या पोटातला व एक शेवटचा, रोमन रूपात अवतरतील. ते कोठे गाळावयाचे हे मराठी जाणणाऱ्यानेच ठरवावयाचे आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या कागदपत्रांत 'गांव' असा अनुस्वार सर्रास असल्यामुळे तेथून निघणाऱ्या रोमन रूपात एक बिंदू अधिक येईल, आणि त्यामुळे एकच गाव दोन ठिकाणी नोंदले जाण्याचा संभव आहे. शिवाय देवनागरीतही दुहेरी साठवणीचा दोष अगदीच नाही असे नव्हे. दौंडच्या शेजारच्या बारामती तालुक्यातून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचे नाव पाहा. त्यातील ऱ हे अक्षर २३५३ ह्या एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच र (२३५२) आणि त्यापुढे नुक्ता (२३६४) असेही लिहिता येते. ही दोन रूपे प्रमाणीकरणाने एक होतात. पण तोच अर्धा ऱ काही टंकनव्यवस्था साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ हे न दिसणारे जोडचिन्ह अशा तीन आकड्यांनी उमटवितात, आणि हे तिसरे रूप पहिल्या दोहोंशी कोणत्याच प्रमाणीकरणाने जुळत नाही. म्हणून कऱ्हाकाठच्या गावांची सूची हाती घेताना ह्या नावाचा शोध दोन्ही प्रकारे घ्यावा, आणि सापडलेली रूपे एकाच संकेतांकावर आणल्याची नोंद सूचीच्या पहिल्याच पानावर करून ठेवावी.